पेडणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोपाला विमानतळ झाल्यापासून पेडण्याची चौकशी करणारे वाढले आहेत. बहुतेकांना विमानतळापासून किनाऱ्यापर्यंतचा रस्ता पाठ असतो, पण मधलं गाव सुटतं. खालचे प्रश्न मुख्यतः त्या मधल्या गावाबद्दलचे आहेत. तालुक्याचंही नाव पेडणेच, त्यामुळे उत्तरांत दोन्ही येतात. कुठे शहर आणि कुठे तालुका, ते संदर्भावरून कळेल.

पेडणे गोव्यात नेमकं कुठे येतं?

उत्तरेच्या अगदी टोकाला. तालुक्याच्या दक्षिणेला शापोरा नदी, उत्तरेला तेरेखोल नदी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेकडे डिचोली तालुका व महाराष्ट्रातला दोडामार्ग. म्हापशाहून निघालात की कोलवाळचा पूल संपतो तिथे बार्देश संपतो आणि पेडणे सुरू होतं. महामार्ग 66 धारगळ, मालपे करत पत्रादेवीला राज्याची हद्द ओलांडतो, पुढे बांदा आणि सावंतवाडी. शहर महामार्गावरून थोडं आत आहे. पणजीहून अंतर साधारण 30 किलोमीटर.

याला शहर म्हणायचं की गाव?

पालिका आहे, म्हणजे कागदावर शहर. वस्ती मात्र काही हजारांची, आणि 2011च्या जनगणनेत अख्ख्या तालुक्याची मिळून सुमारे 75 हजार. बाजारपेठ, भगवतीचं देऊळ, मामलेदार कचेरी, पोलीस ठाणं, चर्च, शाळा हे सगळं चालत पाहून होतं.

तालुक्यातली माणसं पेडण्याला येतात ती मुख्यतः कचेरीत काम असतं म्हणून. कपडे, सोनं, भांडी घ्यायची तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आहेच. सकाळी कचेरी उघडायच्या सुमाराला आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांशी उभं राहून पाहा. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला ‘वन-फोर्टीन’चा, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्याचा, उतारा, त्यावर आजोबांचं नाव, नावापुढे पेन्सिलीने केलेली खूण, आणि सोबत मुंबईहून सुट्टी काढून आलेला मुलगा. अर्ज लिहून देणारा माणूस मान वर न करता विचारतो, ‘कूळ की मुंडकार?’ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, की दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा? हा प्रश्न या तालुक्याचा अर्धा इतिहास आहे. पेडण्याबद्दलचे मोठे निर्णय नेहमी दुसरीकडे बसून झाले आणि त्यांचे कागद निस्तरायचं काम इथल्या माणसांच्या वाट्याला आलं, असं माझं मत आहे. पुढची बरीच उत्तरं त्याच वाटेने जातात.

बाकीच्या गोव्यापेक्षा पेडणे वेगळं का वाटतं? चर्च कमी, देवळं जास्त असं का?

कारण पेडण्याचा पोर्तुगीज काळ उशिरा सुरू झाला. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. तिथे देवळं पाडली गेली, धर्मांतरं झाली आणि अनेक देव नदी ओलांडून शेजारच्या मुलखात गेले. या तीन तालुक्यांना जुनी काबिजाद, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख, म्हणतात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, केपे, सांगे, काणकोण हे तालुके अठराव्या शतकात त्यांच्या हाती लागले. ती नवी काबिजाद. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, आणि नव्या प्रजेच्या देवधर्मात व रूढींत हात घालायचा नाही, असं धोरण राज्यकर्त्यांनी स्वीकारलं होतं. नव्या काबिजादीतल्या हिंदूंच्या चालीरीतींची संहिताच त्यांनी 1853 मध्ये लागू केली.

परिणाम असा, की पेडण्याचे देव आपापल्या जागीच राहिले आणि शिवाय पाहुणेही आले. धारगळची शांतादुर्गा बार्देशातल्या सांगोल्ड्याहून नदीपलीकडे आलेली. तिचे कुळावी, म्हणजे तिला कुलदेवता मानणारे, आजही बार्देशातून दर्शनाला येतात. शापोरा ओलांडली की देव सुरक्षित, असा तो काळ होता.

त्यात भर म्हणजे पेडण्याची सोयरीक वरच्या अंगाला, म्हणजे सावंतवाडी, आरोंदा, सातार्डा, बांदा, दोडामार्ग इकडची. लग्नं तिथली, दशावतारी कंपन्या तिथल्या, बोलीचा हेलही तसाच. गोव्याच्या नकाशात हा तालुका वरच्या कडेला दिसतो, पण दक्षिण कोकणच्या नकाशात तो अगदी मधोमध आहे.

पोर्तुगीजांच्या आधी इथे कुणाचं राज्य होतं? ते गेलं कसं?

सावंतवाडीकर भोसल्यांचं. तालुक्यातले दोन प्रसिद्ध किल्ले, शापोऱ्याच्या काठचा हळर्णचा आणि नदीमुखावरचा तेरेखोलचा, भोसल्यांनीच बांधलेले. 1746 मध्ये व्हाइसरॉय मार्किस कास्तेलु नोव्हू याने मोहीम काढून हळर्ण जिंकला. हा विजय पोर्तुगीज दरबाराला इतका मोठा वाटला, की राजाने त्याला ‘आलोर्नाचा मार्किस’ असा किताब दिला. इथल्या एका लहानशा गढीचं नाव थेट लिस्बनच्या सरदारघराण्याला चिकटलं. तेरेखोलही त्याच वर्षी गेला. त्यानंतर हा मुलूख काही काळ कधी यांच्याकडे, कधी त्यांच्याकडे असा फिरत राहिला.

कायमचा निकाल लागला 1788 मध्ये. सावंतवाडीच्या तिसऱ्या खेम सावंतांचं कोल्हापूरकरांशी जुंपलेलं होतं आणि त्यांना पोर्तुगीजांची मदत हवी होती. त्या मदतीची किंमत म्हणून पेडणे महाल दिला गेला. हा तालुका लढाईत हरलेला नाही, करारात दिलेला आहे. त्यासाठी इथल्या गावकऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

त्याच सुमाराला पेडण्याचा एक माणूस उत्तर हिंदुस्थानात फौजा चालवत होता. केरी गावचे जिवबादादा बक्षी हे महादजी शिंद्यांचे सरदार, 1795 च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व करणारे. केरीला आज लोक जातात ते किनारा आणि पॅराग्लायडिंगसाठी. जिवबादादांचं नाव तिथे फार थोड्यांना सांगता येईल.

देशप्रभू कोण? वाडा बघता येतो का?

पेडण्याचं वतनदार घराणं. सावंतांच्या काळापासूनची त्यांची सत्ता पोर्तुगीज आमदानीतही टिकली आणि एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज राजाने त्यांना ‘पेडण्याचे व्हिस्कोंद’ हा किताब दिला. हिंदू घराण्याला पोर्तुगीज सरदारकी मिळणं ही दुर्मीळ गोष्ट होती. या घराण्यातले जितेंद्र देशप्रभू पुढे आमदारही झाले. 2020 मध्ये ते वारले.

वाडा प्रचंड आहे. एका चौकातून दुसऱ्या चौकात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं चालत राहावं लागतं. एका बाजूला देवघर, तुळशीवृंदावन, पालख्या, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज धाटणीचा दिवाणखाना आणि तसबिरी. ही खासगी मालमत्ता आहे. आधी विचारून, परवानगी मिळाली तरच आत जावं. गेटवरून मोबाइल उंचावून फोटो काढणाऱ्यांचा तिथे भारी कंटाळा आहे, आणि तो योग्यच आहे.

पेडण्यात जमिनीची इतकी भांडणं का?

ज्याच्या नावावर जमीन तो एक आणि ती पिढ्यान्‌पिढ्या कसणारा दुसरा, अशी इथली जुनी रचना. गावंच्या गावं एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, किंवा देवस्थानाच्या नावावर. शेत कसणारा तो कूळ. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारा, बदल्यात त्याची माडाची, काजूची राखण करणारा तो मुंडकार. मालकाची मर्जी फिरली तर घरावरचं छप्पर जाईल, ही भीती मुंडकाराच्या घरात पिढीजात होती.

गोवा मुक्तीनंतर कायदे झाले. 1964 मध्ये कूळ कायदा आला. 1975 मध्ये मुंडकारांना घरातून हाकलण्याविरुद्ध संरक्षण मिळालं. 1976 मध्ये, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणारा हा मालक मानला जाईल असं ठरलं. गोव्यातल्या बहुजनांच्या दृष्टीने मुक्तीइतकाच हा मोठा टप्पा होता, आणि नव्या काबिजादीत तर जास्तच.

पण कायदा होणं आणि उताऱ्यावर नाव चढणं यांत फार अंतर. त्यासाठी मामलेदाराकडे अर्ज, जबान्या, खरेदीची सनद, तारखा. कित्येक घरांत आजोबांनी अर्ज केला, वडील तारखांना गेले आणि आता नातू जातो. सनद नाही, तोवर बँक कर्ज देत नाही, पंचायत घरदुरुस्तीचा परवाना देताना खळखळ करते. विमानतळ येईपर्यंत जमिनीला भाव नव्हता, म्हणून कुणी फार ओढाताण करत नव्हतं. तो आला, सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या, कातळालाही भाव आला, आणि कपाटातल्या फायली बाहेर पडल्या.

पेडण्याची पुनव म्हणजे काय?

कोजागरी पौर्णिमा. पेडण्याचा सगळ्यात मोठा दिवस. परगावी असलेला पेडणेकर चतुर्थीला येतोच, पण पुनवेलाही रजा काढतो.

दसऱ्याला तरंगं सजतात. तरंग म्हणजे उंच खांब, त्याला वरपासून खालपर्यंत गुंडाळलेल्या साड्या, डोक्यावर छत्र. साड्या भाविकांनी वाहिलेल्या. हिरवी, त्यावर लाल, त्यावर जांभळी, अशा थरांवर थर चढत खांब चांगला जाडजूड होतो. एक तरंग रवळनाथाचं, एक भूतनाथाचं. तरंग घेणं हा मान आहे, आणि ज्याच्याकडे तो आहे तो उपासतापास, सोवळं सगळं पाळतो. दसऱ्यापासून पुनवेपर्यंत तरंगं मानाच्या ठिकाणी फिरतात, घरोघरच्या आरत्या, ओट्या घेतात.

पुनवेच्या रात्री गोष्टीचा कळस होतो. रवळनाथाला देऊळ आहे, भूतनाथाला नाही. भूतनाथाची मागणी अशी, की मलाही देऊळ हवं, तेही एका रात्रीत बांधलेलं. कुणी सांगतं एका दगडाचं, एका लाकडाचं. ते काही जमत नाही. मग तो रागावतो आणि रानाकडे निघतो. तरंग खरोखर उसळतं. पेलणाऱ्याचे पाय जमिनीवर ठरत नाहीत, भोवतीची माणसं रेलून त्याला थोपवतात, ढोल चढतो, आणि गर्दी ओरडून त्याला शब्द देते, बांधू, देऊळ बांधू. तो शांत होतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. शतकानुशतकं देवाला दिलेलं आश्वासन दरवर्षी थकीत राहतं आणि देव दरवर्षी समजून घेतो. कचेरीच्या गावाला शोभेसा देव आहे, असं आम्ही थट्टेने म्हणतो.

पुनवेला भुतं काढतात, हे खरं आहे का?

बाधा झाली असं ज्यांच्याबद्दल घरच्यांना वाटतं त्यांना त्या रात्री तरंगांसमोर आणतात, हे खरं. गोव्याबरोबरच सिंधुदुर्ग आणि बेळगाव भागातूनही माणसं येतात. घुमणं, किंचाळणं, जमिनीवर लोळणं, नंतर तरंगाचा स्पर्श आणि अचानक आलेली शांतता, हे सगळं हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत घडतं.

यात दैवी काय आणि मनाचं काय यावर गावातही एकमत नाही. माझ्यापुरतं सांगतो: आजारी माणसाला आधी डॉक्टरकडे न्यावं, आणि अशा अवस्थेतल्या कुणाचा व्हिडिओ काढून फिरवू नये. ती कुणाची तरी बहीण किंवा मुलगी असते. दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण दरवर्षी मोबाइलवर जे फिरतं ते पाहून गावाला मान खाली घालावी लागते.

भगवतीच्या देवळात पाहण्यासारखं काय?

दारात दोन्ही बाजूंना उभे असलेले दगडी हत्ती. पूर्ण आकाराचे, आणि पोरांना बाहेर ओढून काढणं कठीण व्हावं असे. आत अष्टभुजा भगवती. दसरा इथला मुख्य उत्सव.

गोवा मुक्तीच्या लढ्यात पेडण्याचा काय भाग?

सीमेवरचा तालुका, त्यामुळे सत्याग्रही इथूनच आत शिरायचे. 15 ऑगस्ट 1954 ला आल्फ्रेद आफोंसो यांच्या तुकडीने तेरेखोल किल्ल्यात शिरून तिरंगा फडकवला. पोर्तुगीज सत्तेच्या नाकावर टिच्चून केलेली ती गोष्ट फार काळ टिकली नाही, सत्याग्रही पकडले गेले. पण बातमी गोवाभर झाली.

पुढच्या वर्षी, 15 ऑगस्ट 1955 ला, देशभरातून आलेल्या सत्याग्रहींनी गोव्याच्या हद्दी ओलांडल्या आणि पोर्तुगीज पोलिसांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी वेगवेगळ्या ठिकाणी मिळून वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. पत्रादेवीला पडलेल्यांत पंजाबचे तरुण शिक्षक कर्नैलसिंग बेनिपाल होते. मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय हातातला झेंडा न सोडता गोळी लागून जखमी झाल्या. पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे. महामार्गाने सुसाट जाणाऱ्या गाड्यांतून ते डोळ्यांवरून निघून जातं. थांबायला पाच मिनिटं लागतात.

भाऊसाहेब बांदोडकर पेडण्याचे का?

जन्म पेडण्याचा, 12 मार्च 1911. पुढे खाणमालक झाले, आणि 20 डिसेंबर 1963 ला गोवा, दमण आणि दीवचे पहिले मुख्यमंत्री. त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष गोवा महाराष्ट्रात विलीन करावा या मागणीवर उभा होता आणि पेडणे महाल हा त्या पक्षाचा बालेकिल्ला. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात गोव्याने विलीनीकरण नाकारलं. वेगळं राहण्याच्या बाजूने 1,72,191 मतं, विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170. पेडण्याचा कल मात्र विलीनीकरणाकडे होता.

तो वाद आता संपला. आजच्या पोरांना त्यात काही रस नाही, आणि जुन्यांतही आपण वेगळे राहिलो ते बरंच झालं म्हणणारे पुष्कळ. पण भाऊसाहेबांनी गावोगाव काढलेल्या मराठी प्राथमिक शाळा पेडणेकर विसरलेला नाही. वाडीवाडीवरच्या मुलांना, मुलींना चालत जाता येईल अशी पहिली शाळा तीच. त्यांतल्या कित्येक शाळांत आज पटावर मोजकी मुलं आहेत, आणि दरवर्षी एखादी बंद पडल्याची बातमी येते.

इथे कोणती भाषा बोलतात? मराठी चालते का?

बोलायला कोकणी, पेडण्याच्या ढंगाची, मालवणीला लागून असलेली. वाचायला, भजनाला, कीर्तनाला, नाटकाला, लग्नपत्रिकेला मराठी. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामात मराठीलाही स्थान मिळालं. पेडण्याच्या घरात हा वाद फारसा जाणवत नाही. एकाच तोंडातून आईशी कोकणी आणि आरतीत मराठी निघते. तुम्ही मराठीत विचाराल तर उत्तर मराठीत मिळेल, फक्त शेवटी ‘मरे’ येईल.

दशावतार अजून होतात का?

होतात, आणि गर्दीही होते. तुळशीच्या लग्नानंतर जत्रांचा मोसम सुरू झाला की देवळासमोर रात्री खेळ लागतो. पूर्वरंगात गणपती, सरस्वती, संकासुर, मग आख्यान. संहिता नसते, संवाद जागच्या जागी जुळवायचे, त्यामुळे राजाच्या तोंडी पंचायतीच्या निवडणुकीचा टोमणा येऊ शकतो. बायकांची कामं पुरुषच करतात आणि चांगला ‘स्त्रीपार्टी’ असेल तर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या त्याच्या साडीची नेसण तपासतात. बाहेर खाज्याची दुकानं, चण्याचे ढीग, भजीच्या कढया. खेळ पहाटेपर्यंत चालतो. मध्येच उठून गेलात तर कुणी काही म्हणणार नाही, पण परत आल्यावर जागा मिळणार नाही.

पेडण्याच्या रेल्वे बोगद्याबद्दल सारखं ऐकू येतं. भानगड काय?

मालप्याजवळचा कोकण रेल्वेचा बोगदा. माती इतकी मऊ आणि पाण्याने भरलेली, की खणलेलं पुन्हा पुन्हा ढासळायचं. कामगारांचे जीव गेले. अख्खा मार्ग तयार होऊन या एका जागेसाठी अडून राहिला, आणि शेवटी 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे सलग सुरू झाली. ऑगस्ट 2020 मध्ये बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला, जुलै 2024 मध्ये आत चिखलपाणी शिरलं, आणि दोन्ही वेळा गाड्या थांबवाव्या, वळवाव्या लागल्या. पावसाळ्यात तिकीट काढलं असेल तर गाडीची स्थिती पाहूनच घरातून निघा.

मोपाच्या विमानतळाने पेडण्याचं भलं झालं का?

सरळ उत्तर नाही. आधी घटनाक्रम. दाबोळीचा विमानतळ नौदलाचा, त्यामुळे नागरी उड्डाणांना वेळेची मर्यादा. दुसऱ्या विमानतळासाठी मोपाचा सडा निवडला गेला आणि मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवे या भागांतली जमीन संपादित झाली. नोव्हेंबर 2016 मध्ये पायाभरणी झाली. मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण दाखला स्थगित केला, जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली. 11 डिसेंबर 2022 ला उद्घाटन आणि 5 जानेवारी 2023 पासून विमानं. नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, मनोहर पर्रीकरांच्या नावावरून.

सडा म्हणजे ओसाड माळ, असं बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं. उन्हाळ्यात तो दिसतोही तसाच. पण पावसाचं पाणी हाच कातळ पितो आणि खालच्या गावांतल्या झऱ्यांना, विहिरींना वर्षभर पुरवतो. जूनमध्ये त्यावर गवत, मग रानफुलं, मग गुरं. धनगर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत आली होती. त्यांना उठून खाली यावं लागलं. काजूची झाडं गेली, म्हणजे मार्च ते मेचं रोख उत्पन्न गेलं. भरपाईच्या दरावरून खटले झाले, आणि कूळ कुणाचं, पैसे कुणाचे हा मघाचा प्रश्न पुन्हा दारात आला.

दुसरी बाजूही खरी आहे. टॅक्सी चालवणारे, सामान हाताळणारे, सुरक्षारक्षक, हॉटेलांत लागलेले, भाड्याने खोल्या देणारे असे बरेच पेडणेकर आज त्या सड्यावर पोट भरतात. त्यांतल्या टॅक्सीवाल्यांना आपला थांबा मिळवायला रस्त्यावर उतरावं लागलं. वरच्या हुद्द्यांवर स्थानिक किती, हा सवाल ग्रामसभांत अजून येतो. मुंबई-पुण्यात काम करणारी मुलं शुक्रवारी रात्री निघून घरच्या जेवणाला पोचतात, याचं सुख आईबापांना विचारा.

शहरावर मात्र विमानतळाचा परिणाम कमी, हे बाहेरच्यांना नवल वाटतं. प्रवासी धारगळच्या जोडरस्त्याने थेट महामार्गाला लागतो आणि बाजाराला त्याचा उपयोग नाही. वाढ झाली ती धारगळ, वारखंड, तोरसे या पट्ट्यात. धारगळला तर आयुर्वेद संस्थेचं रुग्णालयही विमानतळाच्याच दिवशी सुरू झालं, आणि पेडण्यातल्या म्हाताऱ्यांच्या दृष्टीने त्या दिवसाची खरी कमाई ती.

समुद्र पेडण्यालाच आहे ना? मोरजी, हरमल?

तालुक्यात आहे, शहरात नाही. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल, केरी हे किनारे पश्चिमेला, गाडीने अर्धा-पाऊण तास धरा. मोरजीच्या वाळूत समुद्री कासवं अंडी घालायला येतात आणि तो भाग मोसमात राखलेला असतो. तिथे रात्री दिवे, गाणी लावणाऱ्यांना चार शब्द सुनावले जातात.

इथे पिकतं काय?

खरिपाचं भात, नंतर कडधान्य आणि भाजी. नदीकाठी खाजनं, म्हणजे बांध घातलेली खाऱ्या जमिनीची शेतं, घळीत नारळ-सुपारीची कुळागरं, डोंगराच्या उतारावर काजू. मार्चनंतर काजूच्या भाट्या पेटतात. बोंडू तुडवून रस, त्याची आधी हुर्राक, मग फेणी. हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. गोव्याच्या आमटीला रंग आणि बेताचा तिखटपणा देणारी ती. तिळारीच्या कालव्याचं पाणी तालुक्यात पोचलं. ज्या जमिनी त्या पाण्याखाली भिजायच्या त्याच जमिनी बांधकामाला काढल्या जातात, यावरून सध्या गावोगाव धुसफूस आहे.

पेडण्यात जमीन किंवा घर घ्यायचं आहे. घेऊ का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. घ्यावं की नाही हे तुमच्या खिशावर, पण या गोष्टी विचारल्याशिवाय टोकन देऊ नका. वन-फोर्टीनच्या उताऱ्यावर कुळाचं नाव आहे का, आणि जागेत मुंडकाराचं घर आहे का. विकणाऱ्याच्या नवऱ्याची किंवा बायकोची सही होणार का, कारण गोव्याच्या नागरी कायद्यात लग्न झालं की मालमत्ता सहसा दोघांची. वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून होणारी वाटणी, पुरी झाली आहे का, नाहीतर मोझांबिकपासून मालाडपर्यंतचे वारस नंतर उगवतात. जागा भातशेतीची असेल तर 2023 च्या कायद्याने ती बिगर-शेतकऱ्याला विकता येत नाही. आणि झोन बदलून मिळेल, असं दलाल सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. पेडण्याचा झोनिंग आराखडा 2023 मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून मागे घ्यायला लावला आहे.

पुनवेला यायचं तर कसं यावं?

म्हापशाहून कदंबच्या आणि खासगी बस आहेत, पण शेवटची किती वाजता सुटते ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. स्वतःची गाडी असेल तर ती गावाबाहेर लावून चालत या, बाजारातल्या रस्त्यावर त्या रात्री गाडी आत जात नाही आणि बाहेरही येत नाही. साडी वाहायची असेल तर दिवसा आणा, रात्री तरंगापर्यंत पोचणं शक्य होत नाही. पाऊस दसऱ्यानंतरही एखादी सर टाकून जातो, तेव्हा छत्री असू द्या.